समुद्रसपाटी

माझं काम एवढंच: सकाळी सातला प्रयोगशाळा उघडायची,
अकरा कॉम्प्युटर चालू करायचे,
बारावा चालू होत नाही हे वहीत लिहायचं.
जीवरसायनशास्त्र मला येत नाही.
एल आल्तोच्या गारठ्यात पडदेही
म्हाताऱ्यांसारखे कुरकुरत उजाडतात,
मग एकेकावर तो लाल गोळा फिरायला लागतो,
चार घड्यांचा, चार खाचांचा.

हिमोग्लोबिन. नाव कालिसाया बाईंनी सांगितलं.
पूर्वी खरं रक्त आणायचे. त्याला फ्रीज लागायचा,
फ्रीजला वीज, विजेला तिची मर्जी.
आता मुलं माऊसने पट्टीवरची खूण सरकवतात:
डावीकडे हवा विरळ, उजवीकडे दाट,
आणि निळे ठिपके येऊन खाचांत बसतात.

पहिला ठिपका फार आढेवेढे घेतो.
पुढचे मात्र भराभर.
‘असं का?’ बाईंनी विचारलं. वर्ग गप्प.
‘ला सेहाच्या चौकात रिकामी मिनीबस उभी असते.
कोण चढतं तिच्यात?’
कोणीच नाही, बाई.
‘आणि आत एक जण दिसला की?’
मारिबेल तांकारा फिसकन हसली.
तिचा बाप मिनीबसच चालवतो;
लहानपणी तो तिलाच खिडकीशी बसवून ठेवायचा,
खोटं गिऱ्हाईक म्हणून.
‘म्हणजे पहिला ऑक्सिजन मी,’ ती म्हणाली,
आणि तिनं खूण डावीकडे ओढली,
आमच्या उंचीपर्यंत.

पडदा लाल.
रुग्ण गंभीर आहे. त्वरित ऑक्सिजन द्या.

तेवीस रुग्ण एकमेकांकडे बघायला लागले.
सेवेरो, जो नुकताच फुटबॉल खेळून
तीन जिने चढून आला होता,
छातीवर हात ठेवून बाकावर आडवा झाला.
हसून हसून मुलांना धाप लागली,
तेवढीच काय ती धाप.

बाई हसल्या नाहीत.
पर्समधून त्यांनी बोटाला लावायचा चिमटा काढला,
आईच्या आजारपणात घेतलेला.
सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याऐंशी.
सेवेरो एकोणनव्वद, वर मिजास.
‘तुम्हीही या, डॉन फोर्तुनातो.’
मी हात पँटला पुसला. शहाऐंशी.
त्यांनी आमचे सगळ्यांचे ठिपके फळ्यावर मांडले,
त्या वळणदार रेषेच्या खांद्यापाशी,
थोडे वर, थोडे खाली, वायरवरच्या कबुतरांसारखे.

‘रेष खोटी नाही,’ बाई म्हणाल्या,
‘ती कुठल्याही उंचीवर खरी.
लाल रंग मात्र कोणीतरी
समुद्राकाठी बसून भरलाय.’
मग त्यांनी प्रत्येकाला त्या इशाऱ्याच्या जागी
आपलं वाक्य लिहायला लावलं.
सेवेरोनं आपल्या संघाचं नाव लिहिलं; ते पुसावं लागलं.
मारिबेलनं लिहिलं: रुग्ण नाही. रहिवासी.

मी मागे वायर गुंडाळत होतो.
मला भाऊ आठवला.
त्याचं रक्त इथं दाट होत गेलं, काकवीसारखं,
ओठ जांभळे, रात्रभर कानात शिट्ट्या.
डॉक्टरांनी त्याला खाली सांता क्रूसला धाडलं.
तिथून फोनवर सांगतो, इथं हवा एवढी आहे
की काय करावं कळत नाही.
त्याच्यासाठी पट्टीवर कुठं खूण आहे का,
विचारणार होतो.
बाई फळा पुसत होत्या. राहून गेलं.

संध्याकाळी मशीन बंद केली की
ती सगळं विसरतात: मारिबेलचं वाक्यही, आमची उंचीही.
सकाळी पुन्हा खूण शंभरावर,
म्हणजे समुद्रसपाटीवर, बाईंनी सांगितलंय.

आमच्या देशाला समुद्र नाही.
होता म्हणतात; दर मार्चमध्ये
त्याच्या नावानं आम्ही बँड वाजवतो.
आणि इथं, कुलूप काढल्या काढल्या,
रोज सातला, अकरा समुद्र.

थोडा वेळ मी त्यांना तसंच राहू देतो.
चारही खाचा भरलेल्या, पडदे निवांत.
मग एकेक खूण धरून
मी त्यांना वर आणतो, आमच्याकडे,
सावकाश,
चढावर पाहुण्याला आणावं तसं,
मधे मधे थांबत.